धुऱ्यावरच्या गोष्टी : फवारणीचे पान घरीच तयार करा





पावसाने उघडीप दिली की आपल्या नेर तालुक्यात पऱ्हाटीवर फवारे सुरू होतात. एरवी या सदरात मी किडीचे नाव, औषधाचे प्रमाण आणि फवारणीची वेळ सांगत असतो. आज फवारणीच्याच कामासाठी एक वेगळी विद्या सांगणार आहे. संगणकावर पत्र-अर्ज लिहायची जी सोय असते, तिच्यातच साधे वेब पान कसे तयार करावे, ही ती विद्या. तुम्ही म्हणाल, "साहेब, बोंडअळीचे सांगा, तुरीच्या मर रोगाचे सांगा. हे काय काढले मधेच?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी कारण सांगतो, मग कृती.

"काय फवारले होते?"

2017 चा पावसाळा आपल्या यवतमाळ जिल्ह्यातला कोणताही कास्तकार विसरणार नाही. त्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो माणसे दवाखान्यात दाखल झाली. पुढे चौकशा झाल्या आणि कारणेही पुढे आली. पऱ्हाटी त्या वर्षी माणसाच्या उंचीएवढी माजली होती, त्यामुळे फवारा खाली न पडता तोंडावर आणि छातीवर येई. दोन-तीन औषधे एकाच टाकीत कालवण्याची सवय पडली होती. हवा दमट आणि उकाड्याची होती. अंगात साधा सदरा, तोंडाला फार तर दुपट्टा, हातमोजे नाहीत. बारीक तुषार उडवणारे बॅटरीचे पंपही होते.

अशा रोग्याला दवाखान्यात नेले की डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, "काय फवारले होते?" घरच्यांचे उत्तर बरेचदा असे असते : "पांढरे औषध होते", "दुकानातून जे मिळाले ते", "दोन डब्या मिसळल्या होत्या, नाव ठाऊक नाही." डबी वावरातच राहिलेली असते. ज्याने फवारले तो बोलण्याच्या स्थितीत नसतो.

हा प्रश्न का महत्त्वाचा, ते समजून घ्या. सर्व विषांचा इलाज एक नाही. प्रोफेनोफॉससारखी औषधे ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली. त्यांच्या विषबाधेवर ॲट्रोपिनसारखे उताऱ्याचे औषध डॉक्टर देतात. सायपरमेथ्रिनसारख्या पायरेथ्रॉइड गटातल्या औषधाला असा ठरलेला उतारा नाही, तिथे लक्षणे पाहून इलाज करावा लागतो. डबीच्या वेष्टनावर आणि सोबतच्या पत्रकावर विषाचा प्रकार आणि उतारा छापणे कायद्याने बंधनकारक आहे. म्हणजे माहिती आपल्या घरात आलेली असते. ऐन वेळी ती हाताशी नसते, एवढाच काय तो घोळ. आजची विद्या या घोळावरचा उपाय आहे.

वेब पान म्हणजे काय?

मोबाइलवर तुम्ही बाजारभाव पाहता, हवामान पाहता, ती सारी वेब पानेच. पुष्कळांचा समज असा की असे पान करायला मोठा इंजिनियर लागतो आणि ते पाहायला नेट लागते. या दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. वेब पान म्हणजे साधा लिहिलेला मजकूर. त्यात "हा मथळा", "हा परिच्छेद", "हा तक्ता" अशा खुणा घातलेल्या असतात, इतकेच. शिंपी कापडावर खडूने रेघा मारतो, तशा त्या खुणा. मोबाइलमधला ब्राउझर त्या खुणा वाचतो आणि पान नीट मांडून दाखवतो. खुणा स्वतः दिसत नाहीत. हे पान तुमच्या मोबाइलमध्येच ठेवलेले असले तर ते उघडायला नेट लागत नाही. वावरात टॉवर नसला तरी ते उघडते. आपल्या कामाचा गुण हाच.

या विद्येचा जन्मही गरजेतूनच झाला. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाजवळ सर्न नावाची मोठी प्रयोगशाळा आहे. तिथे देशोदेशीचे शास्त्रज्ञ काम करतात, आणि एकाच्या संगणकावरचे कागद दुसऱ्याला वाचता येत नसत. 1989 साली टिम बर्नर्स-ली या इंग्रज संशोधकाने त्यावर उपाय सुचवला. 1990 मध्ये त्याने पहिला ब्राउझर तयार केला. गंमत अशी की त्या पहिल्या ब्राउझरमध्ये पान वाचताही येत होते आणि तिथेच लिहिताही येत होते. वाचणारा निराळा आणि लिहिणारा निराळा, असा भेद त्याच्या मनात नव्हता. 30 एप्रिल 1993 रोजी सर्नने ही विद्या साऱ्या जगाला मोफत खुली केली. कोणाची परवानगी नको, कोणाला पैसा देणे नको. आपण मात्र आजवर नुसते वाचणारेच राहिलो.

वारणेचा धडा

आपल्या महाराष्ट्रात खेड्यापर्यंत संगणक नेण्याचा एक मोठा प्रयोग 1998 साली झाला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात, कोल्हापूर आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या सुमारे 70 गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' नावाची योजना सुरू झाली. गावोगावी संगणक केंद्रे उघडली. हेतू फार मोठा होता. शेती, बाजारभाव, आरोग्य, शिक्षण, सरकारी योजना, सारे काही गावात मिळावे असा.

पुढे काय झाले? अभ्यासकांनी जाऊन पाहिले तेव्हा असे दिसले की केंद्रांचा वापर मुख्यतः ऊस आणि कारखाना यांच्या हिशेबापुरता होतो आहे. माझा किती ऊस गेला, किती खत उचलले, एवढेच शेतकऱ्याला हवे होते. मग 2007 च्या सुमारास काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलवर संदेशाने ती माहिती देऊन पाहिली, तेव्हा ती कमी खर्चात आणि अधिक सोयीने मिळाली.

यातून आपण काय घ्यावे? वावरातल्या माणसाला साऱ्या जगाची माहिती एकाच वेळी नको असते. त्याला त्याच्या कामाची चार वाक्ये, त्याच्या भाषेत, ज्या घडीला हवी त्या घडीला, हातातल्या यंत्रावर हवी असतात. ती चार वाक्ये मुंबईत किंवा पुण्यात बसून कोणी लिहून देणार नाही. तुमच्या कोणत्या वावरात काल कोणते औषध पडले, हे तुमच्याखेरीज कोणाला ठाऊक आहे? गरज सरो, वैद्य मरो अशी आपली रीत आहे. इथे गरज पडण्याआधीच वैद्यासाठी लिहून ठेवायचे आहे.

काय काय लागेल?

एक संगणक लागेल. घरी नसला तर चालतो. शाळेत असतो, ग्रामपंचायतीच्या आपले सरकार सेवा केंद्रात असतो, शेजारच्या शिकत्या मुलाकडे लॅपटॉप असतो. काम तास-दोन तासांचे आहे.

दुसरे, वर्ड प्रोसेसर, म्हणजे टाइपरायटरची जागा घेतलेला लेखनाचा प्रोग्रॅम. लिबरऑफिस रायटर हा प्रोग्रॅम फुकट मिळतो आणि या कामाला पुरेसा आहे. संगणकावर मायक्रोसॉफ्ट वर्ड असेल तर तोही चालेल.

तिसरे, मराठी टंकलेखन. इथे एक खबरदारी सांगतो. झेरॉक्सच्या आणि छपाईच्या दुकानांत कृतिदेव, शिवाजी यांसारखे जुने फाँट पुष्कळ वापरतात. त्यात लिहिलेला मजकूर तो फाँट नसलेल्या मोबाइलवर नेला की अक्षरांचा नुसता कचरा दिसतो. आपण युनिकोड मराठीतच लिहावे. युनिकोडमध्ये जगातल्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक दिलेला आहे. 1991 च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरी आहे. कोणताही मोबाइल ती वाचू शकतो. संगणकाच्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडले की कळफलक मराठी होतो. टाइप करण्याची सवय नसेल तर मोबाइलच्या मराठी कळफलकावर माइकचे चिन्ह दाबून बोलावे, मजकूर उमटतो, आणि तो संगणकावर पाठवून द्यावा. औषधांची नावे मात्र डबी समोर ठेवून अक्षर अन् अक्षर तपासावीत. बोलून लिहिताना "प्रोफेनोफॉस"चे भलतेच काही होऊन बसते.

पानावर काय लिहावे?

पानाचे तीन भाग करावेत.

पहिला भाग : संकटाच्या वेळी. हा सर्वांत वर. कारण घाबरलेला माणूस पान खाली सरकवत बसत नाही. त्यात मोठ्या अक्षरांत लिहावे : रुग्णवाहिका 108. मग थोडक्यात सूचना. रोग्याला फवारलेल्या वावरातून मोकळ्या हवेत आणावे. अंगावरचे कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवावे. धुणाऱ्याने आपल्या हातांना औषध लागू देऊ नये. डोळ्यांत औषध गेले असल्यास डोळे स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावेत. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ओकारी काढू नये. दूध, तूप, मिठाचे पाणी असले घरगुती उपाय करू नयेत. औषधाची डबी आणि पत्रक दवाखान्यात सोबत न्यावे.

याच भागात लक्षणेही लिहावीत : डोके दुखणे, चक्कर, मळमळ, खूप घाम, तोंडाला लाळ सुटणे, अंधुक दिसणे, छाती भरून येणे, श्वास लागणे. फवारणीनंतर यांतले काही दिसले तर "उन्हाने झाले असेल" म्हणून घरी निजू नये.

दुसरा भाग : फवारणीची नोंद. प्रत्येक फवाऱ्याला एक नोंद. तारीख, वावराचे नाव, पीक, औषधाचे बाजारातले नाव, डबीवर छापलेले मूळ रसायनाचे नाव, त्रिकोणाचा रंग, एका पंपाला किती घातले, कोणी फवारले, किती वाजता सुरू, किती वाजता बंद, आणि डबीवर छापलेला उतारा.

तिसरा भाग : कायमच्या सूचना. डबीवरच्या त्रिकोणाचा अर्थ इथे लिहावा. लाल म्हणजे अतिशय तीव्र विष. पिवळा म्हणजे तीव्र विष. निळा म्हणजे मध्यम. हिरवा म्हणजे सौम्य. हिरवा त्रिकोण म्हणजे निर्धोक नव्हे, हेही लिहावे. शिफारस नसताना औषधे मिसळू नयेत. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने चालत फवारू नये. भर दुपारी फवारू नये. उपाशीपोटी फवारू नये. नळी चोंदली तर तोंडाने फुंकू नये. फवारणी चालू असताना तंबाखू-बिडी नको. शेवटी किसान कॉल सेंटरचा फुकट क्रमांक, 1800-180-1551. 2004 पासून ही सोय चालू आहे आणि तिथे मराठीत विचारता येते.

आता कृती

एक. रायटर उघडावे. कोरा कागद समोर येईल. सगळा मजकूर आधी सरळ लिहून घ्यावा. सजावटीच्या नादी लागू नये.

दोन. मथळ्यांना मथळ्याची खूण द्यावी. पुष्कळ लोक अक्षर नुसते मोठे आणि ठळक करतात. तसे करू नये. वर डाव्या हाताला शैलींची यादी असते. त्यात 'हेडिंग 1', 'हेडिंग 2' असे पर्याय दिसतात. पानाच्या नावाला 'हेडिंग 1' द्यावे, तिन्ही भागांच्या नावांना 'हेडिंग 2' द्यावे. मघाशी शिंप्याच्या खडूच्या रेघा म्हटले, त्या ह्याच. यामुळे लहान पडद्यावरही मथळा मथळ्यासारखा दिसतो.

तीन. नोंदींसाठी तक्ता घालावा. 'टेबल' या यादीत 'इन्सर्ट टेबल' आहे. इथे एक चूक सर्रास होते. वहीसारखा आडवा, दहा रकान्यांचा तक्ता केला जातो. संगणकावर तो छान दिसतो, मोबाइलवर मात्र निम्मा पडद्याबाहेर जातो. म्हणून रकाने दोनच करावेत. डावीकडे "तारीख", "वावर", "औषध" अशी नावे, उजवीकडे त्यांची उत्तरे. प्रत्येक फवाऱ्याचा असा एक उभा, छोटा तक्ता. सर्वांत ताजा फवारा सर्वांत वर ठेवावा.

चार. 108 या आकड्याला दुवा जोडता येतो, म्हणजे आकड्यावर बोट ठेवले की फोन लावायची तयारी होते. आकडा निवडून 'इन्सर्ट' मधील 'हायपरलिंक' घ्यावे. पत्त्याच्या जागी इंग्रजी टी, ई, एल ही तीन अक्षरे, त्यापुढे विसर्गासारखी दोन टिंबे, आणि त्यापुढे इंग्रजी आकड्यांत 108 लिहावे. काही मोबाइलवर हा दुवा चालतो, काहींवर चालत नाही. म्हणून आकडा पानावर ठळक दिसेल असाच लिहिलेला असावा.

पाच. छायाचित्र घालू नये. डबीचा फोटो घालावा असे वाटेल, पण वेब पानात चित्रे बहुधा वेगळ्या फायली होऊन बाजूला राहतात. पान मोबाइलवर पाठवले की चित्र मागेच राहते आणि त्या जागी रिकामी चौकट दिसते. डबीचा फोटो मोबाइलमध्ये निराळा ठेवावा. पान मजकुराचेच बरे. ते हलके राहते आणि जुन्या मोबाइलवरही झटकन उघडते.

सहा. पानाच्या अगदी वर "शेवटची दुरुस्ती" असे लिहून त्यापुढे तारीख घालावी. जुनी माहिती नवी म्हणून वाचली जाणे हे माहिती नसण्याहून वाईट.

सात. आता जतन करणे. आधी नेहमीच्या पद्धतीने एकदा जतन करावे. ही आपली मूळ प्रत. नंतर 'फाइल' मध्ये 'सेव्ह ॲज' घ्यावे आणि खालच्या प्रकारांच्या यादीतून 'एचटीएमएल डॉक्युमेंट' निवडावे. वर्डमध्ये असाल तर 'वेब पेज, फिल्टर्ड' हा प्रकार निवडावा. नुसते 'वेब पेज' घेतले तर वर्ड त्यात आपल्या सोयीच्या नको तितक्या खुणा भरून ठेवतो आणि पान विनाकारण जड होते. फायलीचे नाव इंग्रजी लहान अक्षरांत, मधे जागा न सोडता द्यावे. झाले तुमचे वेब पान.

पुढच्या वेळी नवा फवारा नोंदवताना मूळ प्रत उघडून तिच्यात भर घालावी आणि पुन्हा वेब पान म्हणून जतन करावे. बियाणे आणि पीक यांचे जे नाते, तेच मूळ प्रत आणि पान यांचे. बियाणे जपून ठेवावे.

एक कुतूहलाची गोष्ट करून पाहा. ते पान नोटपॅडमध्ये उघडा. तुमचा मराठी मजकूर दिसेल आणि त्याच्या आजूबाजूला टोकदार कंसांत इंग्रजी खुणा दिसतील. काही बदलू नका, नुसते पाहा. ज्या मुलामुलींना यात गोडी वाटेल त्यांच्यासाठी पुढच्या विद्येचे दार इथून उघडते.

मोबाइलवर नेणे आणि परीक्षा घेणे

फाइल केबलने, ब्लूटूथने किंवा व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून मोबाइलवर पाठवावी. उघडताना "कशात उघडू?" असे विचारले तर क्रोम किंवा असेल तो ब्राउझर निवडावा. एकदा उघडली की फाइल कुठे ठेवली आहे ते घरातल्या सर्वांना दाखवून ठेवावे.

मग परीक्षा. मोबाइलचा नेट बंद करा. घरातल्या अशा माणसाच्या हाती मोबाइल द्या ज्याने हे पान केलेले नाही. त्याला विचारा, "काल पऱ्हाटीवर काय फवारले? त्याचा उतारा काय?" अर्ध्या मिनिटात उत्तर सापडले तर पान उत्तीर्ण. न सापडले तर चूक वाचणाऱ्याची नाही, पानाची आहे. मजकूर वर-खाली करा, वाक्ये लहान करा.

कोणी विचारील, "व्हॉट्सॲपवर निरोप टाकला तर काय बिघडले?" निरोप लग्नपत्रिकांच्या आणि सुप्रभातांच्या ढिगाखाली दोन दिवसांत गडप होतो. पान आपल्या जागी राहते. "मग वहीच का नको?" वहीसुद्धा हवीच. वावरात हात ओले असतात, तिथे वहीच्या पानावर पेन्सिलीने लिहावे आणि संध्याकाळी घरी पानावर चढवावे. शिवाय पानाची एक छापील प्रत काढून जिथे पंप ठेवता तिथे भिंतीला चिकटवावी. मोबाइलची बॅटरी संपते, त्याला कुलूप असते. भिंतीला यांपैकी काही नसते.

घरासाठी एक, गावासाठी एक

हे पान तुमच्या घरासाठी आहे. ते इंटरनेटवर चढवण्याची काही गरज नाही. त्यात माणसांची नावे आहेत. सालदाराचे नाव, त्याच्या प्रकृतीची गोष्ट, आधार क्रमांक, बँकेचा खाते क्रमांक, असले काही उघड्या जागी कधीही ठेवू नये.

गावासाठी दुसरे पान करता येईल. त्यात नोंदी नसाव्यात. फक्त पहिला आणि तिसरा भाग ठेवावा, आणि त्यात जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय यांचे क्रमांक स्वतः फोन करून, खात्री करून मग घालावेत. ही फाइल बचत गटाच्या बैठकीत, भजनी मंडळात, कृषी सेवा केंद्राच्या ओट्यावर एकमेकांना देता येते. एकाने केलेले पान शंभर घरांत जाते आणि खर्च शून्य. गाव करी ते राव न करी, असे आपले जुने लोक उगाच म्हणत नसत.

गावच्या पानावर औषधाची शिफारस मात्र लिहू नये. कोणत्या किडीला कोणते औषध, किती प्रमाण, हे दर हंगामात विद्यापीठाच्या आणि कृषी खात्याच्या शिफारशीप्रमाणे बदलते, आणि काही औषधांवर बंदीही येते. गेल्या वर्षीचे प्रमाण यंदाच्या पानावर राहिले तर घात होईल.

हे काम कोणाचे?

बहुतेक घरांत फवारा पुरुष मारतो, आणि पानाचे काम लेकी-सुनांच्या हाती चांगले होते. दहावी-बारावी झालेल्या मुली गावोगाव आहेत. एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र पेटीत ठेवलेल्या सुनबाई आहेत. त्या विद्येचा घराला उपयोग झाला नाही तर तिला गंज चढतो. फवारून आलेल्या माणसाला घरच्या मुलीने "आज कोणते औषध, त्रिकोण कोणता, किती पंप?" असे विचारावे. हे तिने लिहून ठेवायचे आहे, असे एकदा ठरले की दुकानातून डबी घेतानाही घरधनी नाव वाचून घेतो, बिल मागून घेतो. लिहायचे आहे म्हटले की माणूस पाहू लागतो. ही सवय लागली तर पानाचे अर्धे काम तिथेच झाले.

मजुराकडून फवारणी करून घेत असाल तर त्याचीही नोंद तितक्याच काळजीने करा आणि पानाची एक प्रत त्याच्या घरी द्या. 2017 मध्ये गेलेल्यांत दुसऱ्याच्या वावरात रोजाने फवारायला गेलेली माणसे होती. त्यांच्या घरच्यांना तर डबीसुद्धा पाहायला मिळालेली नव्हती. आपल्या वावरात राबणाऱ्याच्या जिवाची माहिती त्याच्या घरी असावी, हे आपले कर्तव्य आहे.

पान केल्याने विष सौम्य होत नाही, हे विसरू नका. हातमोजे, मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा सदरा यांची जागा पान घेऊ शकत नाही. शक्य तिथे निंबोळी अर्क, कामगंध सापळे, पक्षिथांबे यांनी फवारेच कमी करावेत, हा पहिला मार्ग. फवारा मारावाच लागला तर मात्र त्याची नोंद झाल्याशिवाय रात्रीचे जेवण घ्यायचे नाही, असा घरात नेम करावा.

या हंगामातला पहिला फवारा मारण्याआधी पान तयार ठेवा. अडचण आली तर कार्यालयीन वेळेत या, येताना मजकूर कागदावर लिहून आणि औषधाच्या रिकाम्या डब्यांवरची नावे उतरवून आणा. डब्या आणू नका.

पुढच्या अंकात तुरीवरील शेंगा पोखरणाऱ्या अळीविषयी बोलू.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी, नेर